तिरकी खाच

आमच्या गावच्या जुन्या सिनेगॉगचा आता लग्नाचा हॉल झालाय. काल तिथून जाताना पाहिलं, तर रंगारी दाराच्या चौकटीवरची तिरकी खाच लांबी भरून बुजवत होता.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“सुतारानं वाकडी मारलीय, ताई. बरी नाही दिसत.”

माझं डोकंच फिरलं. वाकडी? त्या खाचेत एक इवलीशी डबी असायची, आणि डबीत हातानं लिहिलेलं देवाचं वचन. आत जाणारी बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडची ज्यू माणसं तिला बोटं लावून ती ओठांशी नेत. ती डबी तिरकीच बसवतात. शेजारची सारामावशी इस्राएलला निघाली, तेव्हा मागे प्रार्थनेला कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तिनं डबी काढून सोबत नेली. खाच तेवढी आमच्या भरवशावर ठेवली.

आणि आम्ही काय जपलं? सागवानी बाकं, कारण ती वऱ्हाडाला बसायला होतात. पिढ्यानपिढ्या सारामावशीच्या लोकांच्या घाण्याचं तेल खाल्लं. शनिवार त्यांचा प्रार्थनेचा, विश्रांतीचा वार, घाणा बंद, म्हणून शुक्रवारीच बरण्या भरून आणल्या. आता पोरांना सांगतो, इथे कुणी परदेशी लोक राहायचे. परदेशी! सारामावशी माझ्या आईपेक्षा अस्सल मराठीत शिव्या द्यायची.

मी पुढे झाले आणि ओल्या लांबीतून बोट तिरकं ओढलं.

“अहो ताई! आता परत भरावं लागेल!”

“भर. उद्या मी परत येते.”