कोर्टाच्या व्हरांड्यातल्या भेटी

कोर्टात तारखा वाढत गेल्या की घरात किस्सेही साठत जातात. आमच्या घरी ते कोणी काढत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

आई मला आणि सोनूला घेऊन महाडला मामाकडे आली, तेव्हा सोनू तीन वर्षांचा होता, बाबांच्या खांद्यावर बसून गुरांमागे हिंडणारा. बाबा पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीवर गुरं सांभाळत राहिले. दोन वर्षांनी त्यांनी कोर्टात अर्ज केला: मुलांना भेटू द्या.

पहिल्या तारखेला शिपायाने बाबांचं नाव पुकारलं. बाबा ताठ उभे राहून म्हणाले, "हजर!"

सगळे हसले. आई सोडून.

न्यायाधीशांनी मला विचारलं, "तुला बाबांना भेटायचंय?"

मी "हो" म्हटलं, पण ते मलाच जेमतेम ऐकू आलं.

"मोठ्याने बोल, बाळ."

मागच्या बाकावरून बाबा म्हणाले, "हो म्हनली, साहेब!"

"तुम्ही गप्प बसा!"

शेवटी हुकूम झाला. महिन्यातून एकदा, कोर्टाच्या व्हरांड्यात, कारकुनासमोर भेट. सोनू वडिलांना ओळखू लागला, तरच त्याला वाडीवर न्यायची परवानगी.

पहिल्या भेटीला बाबांनी खरवस आणला. आईचे वकील म्हणाले, "बाहेरचं काही खायला द्यायचं नाही."

"बाहेरचं कुठं? आपल्या तांबू गाईचा हाय!"

सोनू आईच्या पदराआडून बाहेर आलाच नाही. डबा मी संपवला.

दुसऱ्या भेटीला बाबा मिशी काढून आले. पोर घाबरतं, असं त्यांना कोणीतरी सांगितलं होतं.

सोनूने मला विचारलं, "ताई, हे काका कोण गो?"

बाबा म्हणाले, "परत वाढवतो."

तिसऱ्या भेटीला कारकून म्हणाले, "आज मला लिहून द्यायचंय. पोरगं ओळखतं की नाही."

सोनू आईला चिकटलेला. बाबा लांब, पायरीवर. तेवढ्यात एक मोकाट गाय आवारात शिरली आणि तिने वकिलांच्या कागदांतच तोंड घातलं! वकिलांनी छत्री उगारली. बाबांनी बसल्या जागेवरून हाळी दिली, "हुर्रऽऽ हाऽ!"

आणि पदराआडूनही हाळी आली. बारीक आवाजात, पण तोच हेल.

गाय गेली. सोनू दोन पावलं पुढे आला आणि बाबांच्या तोंडाकडे बघत राहिला.

वकील घाईने म्हणाले, "याला ओळखणं म्हणत नाहीत. पोरगं गाईवर ओरडलं, बस!"

कारकुनांनी पेन उचललं. आधी बाबांकडे पाहिलं, मग आईकडे.

आई म्हणाली, "लिहा. ओळखतो."