बांगड्यांच्या डब्यातला दात

माझ्या मुलाचा पहिला दुधाचा दात मी बांगड्यांच्या डब्यात ठेवला होता. सासूबाईंनी तो रीतीप्रमाणे छपरावर टाकला होता. पण आमचं धाब्याचं छप्पर जाऊन तोवर स्लॅब आला होता, आणि दुसऱ्या दिवशी गच्ची झाडताना दात माझ्याच केरसुणीत आला. टाकवेना, म्हणून ठेवला.

पुढे धानोऱ्यातल्या आमच्या घराची पुढची खोली विद्यापीठातल्या एका मुलीने भाड्याने घेतली. तापीकाठच्या एका जुन्या टेकाडात हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची हाडं सापडली होती, आणि त्यांतलं कोण इथलं, कोण बाहेरून आलेलं, हे ती दातांवरून शोधत होती. मला नसत्या चौकशा फार. चुलीवरचं दूध उतू घालवून मी तिच्या खोलीत जाऊन बसायची. ती सांगायची, पाणी ज्या दगडातून झिरपतं त्यातलं स्ट्रॉन्शियम नावाचं द्रव्य पाण्यातून, धान्यातून पोटात जातं आणि तयार होणाऱ्या दातात बसतं. दात एकदा तयार झाला की ते बदलत नाही, मग माणूस कुठेही जावो. आपल्याकडे सगळा काळा दगड. दुसऱ्या दगडाच्या मुलखातलं माणूस ओळखू येतं.

तिला ताडून बघायला आजच्या, पक्क्या इथल्या माणसांचे दात हवे होते. मी डबा उघडला.

"हा घे. याच्याइतका इथला कोणी नाही."

हे मी जरा जोरातच म्हणाले. माझं माहेर नर्मदेपलीकडे, छोटा उदेपूरकडे. चार वर्षांपूर्वी आई गेली, आणि त्याच वर्षी घर-शेत विकून भाऊ सुरतला गेला. आईचं एक लुगडंसुद्धा माझ्यासाठी कोणी काढून ठेवलं नाही. दिवाळीला गावातल्या बायका माहेरी निघाल्या की मी मुद्दाम गोधड्या धुवायला काढते. कोणी विचारलंच तर म्हणते, मी आता इथलीच. खोटं असतं ते. जीव तुटतो माझा.

उन्हाळ्यात ती मुलगी निकाल घेऊन आली. सासूबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होत्या. त्यांच्या तोंडात दोनच दाढा उरल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नंदुरबारला जाऊन त्या काढायच्या आणि कवळी बसवायची, म्हणून महिनाभर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. मुलगी पाणी प्यायली, कागदांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"काकू, रागावू नका. मुलगा तुमचाच ना?"

सासूबाईंचं सूप थांबलं. "काय बोली ऱ्हायनी ही? आमना नातू शे, आठलाच शे!" त्यांच्या अहिराणीत आठलाच म्हणजे इथलाच.

मुलगी ओशाळली. दात पुन्हा पुन्हा तपासला, म्हणाली, पण इथल्या पाण्याशी तो जुळतच नाही. मुलाला दत्तक घेतलं असेल असं तिला वाटलं होतं. मीही चक्रावले. मुलगा जन्मापासून इथेच, असं म्हणायला तोंड उघडलं आणि तिथेच अडले.

"समोरचा दुधाचा दात तयार कधी होतो गं?"

"पोटात असतानाच. जन्मानंतर दोन-तीन महिन्यांत पुरा होतो."

मला हसूच फुटलं. पाचव्या महिन्यात माझ्या उलट्या थांबेनात म्हणून आई येऊन मला घेऊन गेली होती, आणि मी परतले ती पाच महिन्यांचं बाळ घेऊनच. पहिलं बाळंतपण माहेरी, आणखी कुठे! एवढं साधं माझ्याही लक्षात आलं नाही आणि त्या शिकलेल्या पोरीच्याही. दातात माझ्या माहेरच्या परसातली विहीर होती, तांबूस दगडातली.

ती मात्र घाईने कागद उलटू लागली. टेकाडातल्या एका घराच्या जमिनीखाली, मातीच्या भांड्यात पुरलेलं तान्हं बाळ सापडलं होतं. त्याचेही दात बाहेरचे निघाले होते, आणि ते कुटुंब दुसऱ्या मुलखातून येऊन इथे वसलं असावं, असं तिने लिहून ठेवलं होतं.

"त्याची आई माहेरी बाळंतपण करून आली असेल," मी म्हणाले.

"पुरावा नाही, काकू."

"नसू दे."

तरी तिने वहीत काहीतरी टिपलं. ती बिचारी बाई आईकडून बाळ घेऊन आली, आणि इथे येऊन पुरावं लागलं.

"आन् मोठा मानोसना दात?" सासूबाईंनी विचारलं.

"ते लहानपणी तयार होतात, आजी. जिथे वाढलात तिथलेच."

माझी जीभ आपोआप दातांवरून फिरली. "म्हणजे माझे?"

"तुमचे सगळे तिकडचेच."

मी तिथेच पदर तोंडाला लावून रडले.  त्या मुलीने दाताचा उरलेला तुकडा पुडीतून काढून माझ्या हातावर ठेवला.

सासूबाईंनी सूप बाजूला सारलं. त्यांचं माहेर तळोद्याकडचं. त्यांचा भाऊ वारल्यापासून त्याही तिकडे कधी गेल्या नव्हत्या, आणि तसं कधी बोलल्याही नव्हत्या. दोन दाढांच्या बाजूच्या गालावर त्यांनी हात दाबून धरला.

"त्या डॉक्टरले फोन लाव," म्हणाल्या. "सांगी दे, दात काढाना नही."