देवीचा हिरवा शालू

हौसामावशी म्हणजे पायाला भिंगरी. माझ्या आईची ही धाकटी बहीण टिटवाळ्यात एकटी राहायची. दूध घालून आली की निघाली तळी बघायला. काठीनं पाणी ढवळायची, वास घ्यायची, पुटपुटायची. लोक वेडी म्हणायचे. म्हणोत मेले!

तिचं सासर खडवलीकडलं. कल्याणला आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली होती, तेव्हाची गोष्ट. गावच्या तळ्याकाठी देवीचं देऊळ. नवरात्रात त्या पाण्याला कुणी हात लावायचा नाही आणि दसऱ्याला गुरं सजवून तिथंच पाणी पाजायचं, असा रिवाज. त्या वर्षी आश्विनाचं ऊन नुसतं भाजत होतं. तळ्यावर हिरवी साय धरली आणि वाऱ्यानं घाटापाशी येऊन दाट झाली. गाव खूश! देवी शालू नेसली म्हणे.

अष्टमीला मावशीचा कुत्रा त्या पाण्यात उतरला. बाहेर येऊन अंग चाटलं, थरथरला, लाळ गाळत कोसळला आणि गेला. घरात मोरी ही एकच म्हैस, तिच्या दुधावरच चूल पेटायची.

"अहो, मोरीला ते पाणी नको," ती नवऱ्याला म्हणाली.

"साप चावला असेल कुत्र्याला," सहदेवकाका खेकसले. "देवीचं पाणी कधी बाधतं होय गं?"

तिला अन्न गोड लागेना. दारोदार फिरली, हात जोडले. कुणी हसलं, कुणी हाकललं. दसऱ्याला वाजतगाजत गुरं निघाली, काका मोरीचं दावं धरून. घाटावर मावशी आडवीच पडली.

"आधी मला तुडवा!"

चारचौघांत शोभा झाली म्हणून काका दावं टाकून निघून गेले. मावशीनं मोरीला घरी आणून विहिरीचं पाणी पाजलं.

संध्याकाळपर्यंत तळ्यावर प्यायलेली गुरं पाय झाडत पडू लागली. घरोघरी रडारड. आता तरी डोळे उघडावेत की नाही? छे!

"हिचीच तेवढी कशी जगली? हिनंच देवीला कोपवलं. चेटकीण आहे ही!"

काकाही त्या ओरडणाऱ्यांतच उभे होते. मावशीनं मोरीचं दावं सोडलं आणि तिला घेऊन टिटवाळ्याची वाट धरली.

पुढल्या वर्षी तळं पुन्हा हिरवं झालं. दसऱ्याला गावानं मुकाट्यानं गुरांना विहिरीचं पाणी पाजलं. ते कानावर आलं तशी मावशी नवं लुगडं नेसून, बोचकं बांधून दारात बसली. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न लागलं. तिला न्यायला कुणी आलं नाही.