स्कूटर घसरलीच नव्हती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही माझ्या घरचे नाही. आणि घाबरलोय म्हणूनही. खरं तर — म्हणूनच.

नारायण पेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. माझ्या वडिलांना, अण्णांना, शुगर होती. साधीसुधी नव्हे; उजव्या पायाची बोटं कापावी लागली होती. माझ्या लग्नाच्या बोलणीत मुलीकडच्यांनी पायाचं विचारलं आणि मी बोलून गेलो — स्कूटर घसरली. कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. मुलगी आवडली होती, एवढंच. अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान डोलावली.

लग्न ठरल्यावर ती मंडळी जेवायला आली. जिलबीचा आग्रह सुरू झाला. अण्णा नको नको म्हणत राहिले आणि मला वाटलं, झालं, आता कळणार सगळ्यांना. मग मी काय केलं असेल? उठलो, आणि माझ्या हाताने अण्णांच्या पानात जिलब्या वाढल्या. ‘घ्या हो, लाजताय काय’ असंही म्हणालो. सगळे हसले. अण्णांनी खाल्ल्या. पुढे सुनेच्या हातचा गोड चहाही ते मुकाट्याने प्यायचे आणि माझ्या दुकानात लपवलेल्या गोळ्या घ्यायला तिथे यायचे. सई, माझी मुलगी, पाळण्यात होती तेव्हा ते झोपेतच गेले. हार्ट, असं सगळे म्हणाले. मीही म्हणालो.

तेव्हा लाज वाटली होती. भीती आत्ता वाटतेय.

सई आता आहारशास्त्र शिकते. माणूस नुसता पडून असला तरी त्याचं शरीर किती ऊर्जा जाळतं, आणि घरात शुगर असलेल्यांचं हे जळणं वेगळं असतं का — असा तिचा प्रकल्प. तुलनेला घरात शुगर नसलेली माणसंही हवी होती. अशी माणसं पुण्यात सापडणं म्हणजे लक्ष्मी रस्त्यावर गाडी लावायला जागा सापडणं. ती म्हणाली, “बाबा, आपल्याकडे कुणालाच नाही ना? मग तूच चल.”

“नाही ना,” मी म्हणालो. “चल.”

उपाशीपोटी मला पलंगावर आडवं केलं. तोंडावर पारदर्शक टोप. हलायचं नाही, बोलायचं नाही, झोपायचंही नाही. यंत्र श्वास मोजत होतं आणि मी मनात म्हणत होतो — याला कळेल का, कोणाचा मुलगा आहे ते? पण यंत्राला काय कळणार! घरात कुणाला आहे, हे माणसालाच विचारावं लागतं. ते तिने विचारलं होतं.

मग ती स्वतः त्याच पलंगावर आडवी झाली. घरात शुगर नसलेल्यांमध्ये स्वतःलाही धरून. तेव्हा तरी सांगायचं की नाही? मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

हल्ली ती सारखं पाणी पिते. रात्री दोनदोनदा उठते. वाळलीय. बायको म्हणते परीक्षेचा ताण, आणि मी हो म्हणतो. परवा सई दुकानात आली — समोरचं धूसर दिसतंय, नंबर वाढला असेल. मी तपासलं. नंबर बराच हलला होता, तोही इतक्या थोड्या दिवसांत. असा हलला की मी गिऱ्हाइकाला चष्मा करून देत नाही. आधी शुगर तपासून या, असं तोंडावर सांगतो. राग येतो लोकांना, येऊ दे. कितीजणांना सांगितलंय!

तिलाही सांगायला तोंड उघडलं. पण ती विचारणार — का रे बाबा? आपल्याकडे तर कुणालाच नाही.

मी विचारलं, फ्रेम कुठली हवी?

काल चष्मा तयार झाला. मी स्वतःच तो तिच्या डोळ्यांवर चढवला. आता स्पष्ट दिसतंय, म्हणाली.