टाकीला पांघरूण

आमच्या आखाडा बाळापुरात थंडीमुळं कुणाच्या संडासाची टाकी गोठल्याचं आजवर कुणी ऐकलेलं नाही. ती गोठू नये म्हणून कंबर कसणारा माणूस मात्र गावात एकच निघाला. त्याचं बसस्टँडजवळ पंप दुरुस्तीचं दुकान आहे, आणि हे सगळं तोच लिहितोय.

गोष्ट हिंगोली जिल्हा परभणीतून नुकताच वेगळा झाला त्या सुमाराची. आमच्या घरी संडास बांधून वर्ष होत आलं होतं आणि ते सगळं वर्ष माझ्या मायला त्यात जायला राजी करण्यात गेलं होतं. मायचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले. पहाटे हातात डबा घेऊन ओढ्यापलीकडच्या बाभळीपर्यंत जायचं तर जाताना ती देवाचं नाव घेई आणि येताना माझं. (माझ्या नावासोबत आणखीही काही शब्द असत.) संडास मी तिच्यासाठीच बांधला होता. पण बांधून झाल्यावर तिनं दारातूनच आत डोकावलं आणि कपाळावर हात मारला.

"चुलीच्या पाठीमागं? बापू, तुला काई इचार हाय का न्हाई?"

"माय, आता समदेच असं करून राहिले."

"करू दे. मी काहून करू?"

पावसाळ्यात ओढ्याच्या काठावर तिचा पाय घसरला. हाड शाबूत राहिलं, पण महिनाभर हळदीचा लेप लावून बसावं लागलं. त्यानंतर दसऱ्याच्या आसपास एका सकाळी ती कुणाला काही न सांगता संडासात शिरली. बाहेर मी आणि माझी बायको कुसुम श्वास रोखून उभे! निवडणुकीच्या निकालालाही एवढी शांतता नसते. माय बाहेर आली, हात धुतले, पदराला पुसले आणि एवढंच म्हणाली, "बरं हाय."

त्या दिवशी दुकानात पंप घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी पेढा दिला. कशाचा पेढा ते मात्र सांगता येईना.

सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात कुसुमचा भाऊ प्रल्हाद सुट्टीवर आला. प्रल्हाद फौजेत, आणि तेव्हा लडाखकडं होता. जेवता जेवता तो तिकडच्या थंडीच्या एकेक गोष्टी सांगू लागला. अंडं दगडासारखं होतं, दाढीचं पाणी वाटीत गोठतं, वगैरे. मी हं हं करत होतो. मग तो म्हणाला, "दाजी, तिकडं संडासाची टाकीसुद्धा गोठती. थंडीच्या आधी तिच्यावर गवत, बारदाना, माती, असं समदं रचावं लागतं. पाइपाला कापड गुंडाळावं लागतं. न्हाई तर पाइप फुटतो."

माझा हात ताटातच थांबला. पाइप फुटतो! पंपवाल्याला असं काही सांगणं म्हणजे वैद्याला साथ आल्याचं सांगण्यासारखं आहे.

"इकडं काय व्हईल?" मी विचारलं.

"इकडं काय व्हायचं? इकडं थंडी हाय कुठं?"

हे तो बनियनवर बसून सांगत होता. मी स्वेटर, मफलर आणि वरून घोंगडं घेऊन ऐकत होतो. आता कुणाचं खरं मानायचं? त्या साली थंडी खरंच जोरात होती. मायही सकाळी "फरशी लई गार लागती गं" असं कुसुमला म्हणाली होती. मला रात्रभर एकच चित्र दिसत राहिलं. टाकी गोठलीय, पाइप फुटलाय आणि माय पुन्हा डबा घेऊन ओढ्याकडं चाललीय.

प्रल्हाद दुसऱ्या दिवशी पुसेगावला त्याच्या घरी गेला. जाताना मला एसटीच्या खिडकीतून पुन्हा म्हणाला, "दाजी, तसं काई करू नका बरं का." माणूस असं दोनदा सांगतो तेव्हा नक्कीच काहीतरी असणार, असा अर्थ मी काढला.

दुपारी दुकान बंद करून मी कामाला लागलो. संडासाच्या मागच्या भिंतीला लागूनच टाकी, वर शहाबादी फरश्या. त्यातली एक उपसण्यासाठी मोकळी ठेवलेली होती. तिच्या फटीतून गार वारं आत जात असणार म्हणून मी ती उचलून कडेनं बारदाना कोंबला आणि पुन्हा बसवली. ती थोडी डुगडुगली. वरून वजन आलं की बसेल, असं मी स्वतःला समजावलं. मग त्यावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, टाकलं, चांगलं गुडघाभर. ते उडू नये म्हणून त्यावर पाणी शिंपडलं, वर पोती अंथरली, वर माती. टाकीतली हवा बाहेर सोडणारा जो उंच पाइप असतो त्याला जुन्या गोधडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. राहता राहिलं पाइपाचं वरचं तोंड. थंडी वरूनच तर पडते! मी त्यावर युरियाची प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधली आणि पिशवी फाटू नये म्हणून तिच्यावर माझी माकडटोपी चढवली.

कुसुम धुणं घेऊन मागं आली. तिनं ढिगाकडं पाहिलं, पाइपाकडं पाहिलं, टोपीकडं पाहिलं.

"आवो, हे कोण बसून राहिलं तिथं?"

"टाकी हाय. थंडी लागू नये म्हणून."

"आन् तुमची टोपी?"

"मला मफलर हाय ना."

ती धुणं वाळत घालायला वळली. बोलली ती दुसऱ्या दिवशी. मी आमच्या लेकराच्या आंघोळीचं उकळतं पाणी बादलीभर संडासात ओतताना तिनं मला पकडलं. "लेकराला गार पाण्यानं आंघोळ आन् टाकीला गरम! टाकीला साबण बी लावता का?"

दोन-तीन दिवसांतच ढिगानं आपला प्रताप दाखवायला सुरुवात केली. भिजलेलं कुटार आत तापतं, हे पंपवाल्याला कुठून माहीत असणार? सकाळच्या थंडीत ढिगातून पांढरी वाफ निघू लागली. मला वाटलं, वा! योजना यशस्वी! शेजारचे सटवामामा शेळ्या-मेंढ्या राखायचे. ते कुडावरून वाकून बघत म्हणाले, "बापू, तुह्या टाकीला ताप आला का रं?"

"ताप न्हाई मामा, ऊब हाय."

"ऊब?" त्यांनी विचार केला. "मंग शेळ्यायला बसू देतो का?"

मी परवानगी देण्याआधीच शेळ्यांनी ती घेतली. त्यांचा एक दाढीवाला बोकड तर सगळ्यात वर, पाइपाला पाठ टेकून, गावच्या पाटलासारखा बसू लागला. आमच्याकडं ऊब आहे ही बातमी गावात फिरली. बाया पाण्याला जाताना थांबून बघू लागल्या. एकानं तर मला विचारलं, हळद शिजवायला जमेल का.

आणि मग एका सकाळी माय संडासातून लगबगीनं बाहेर आली. गुडघे दुखणाऱ्या बाईनं इतकं लगबगीनं येऊ नये.

"बापू, आत कोणीतरी बोलून राहिलं."

"कोण?"

"मला काय ठाव कोण! गुडुक-गुडुक करून राहिलं. मी उभी राह्यले की गप. बसले की सुरू!"

"माय, पाणी असंल."

"पाणी ढेकर देतं व्हय?"

वास तर मलाही येऊ लागला होता. पहिले दोन दिवस मी तो बोकडाच्या नावावर खपवला. पण त्या दिवशी दुकानात एक पंप खोलून बसलो होतो. पंपानं हवा धरली होती. हवेला वाट करून दिल्याशिवाय पाणी चालत नाही, हे मी समोरच्या शेतकऱ्याला मोठ्या रुबाबात समजावून सांगत होतो आणि सांगता सांगता मी हातातला पाना खाली ठेवला. टाकीतली हवा कुठून जाणार? वर युरियाची पिशवी, पिशवीवर माझी टोपी! ती बिचारी हवा उलटी फिरून, मायच्या खालून, मिळेल त्या वाटेनं निघत होती. आणि माझी माय गुडघे धरून तिचं बोलणं ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी पिशवी सोडायला मागं गेलो. माय त्याच वेळी आत गेलीय हे मला माहीत नव्हतं. ढिगावर शेळ्या होत्याच. बाकीच्या उठल्या, बोकड उठेना. मी ढिगावर चढलो, एका हातानं बोकडाची शिंगं धरली आणि दुसऱ्या हातानं टोपीकडं झेप घेतली. टोपी हातात आली. तेवढ्यात पायाखाली ती मोकळी फरशी, जिच्या कडेला मी स्वतःच्या हातानं बारदाना कोंबला होता ती, एका बाजूनं शांतपणे खाली गेली.

तिच्यासोबत माझा उजवा पाय गेला. मांडीपर्यंत!

अशा वेळी माणूस कुणाला हाक मारतो? मी जीव खाऊन ओरडलो, "माय! अगं माय गं!"

टाकी आणि संडास यांच्यात एका भिंतीचं अंतर. झरोका नेमका माझ्या तोंडासमोर. पण बसलेल्या माणसाला आवाज कुठून आल्यासारखा वाटत असेल, हे तुम्हीच समजून घ्या. आतून मायचा कापरा आवाज आला, "कोण हाय?"

"मी हाव, माय! बापू!"

"कुठं हायस?"

खरं तर "मागं हाय" म्हणायला हवं होतं. घाबरलेला माणूस खरं ते बोलून जातो. मी म्हणालो, "खाली! टाकीत!"

 त्यावर आतून जी किंकाळी फुटली तिनं बोकडसुद्धा उठला. दार धाडकन भिंतीवर आपटलं. माय कुडाला धरून अंगणात पोचली आणि खाली बसून ओरडू लागली, "आगं कुसुम, धाव! माहं लेकरू भांड्यात गेलं!"

कुसुम धावली ती आधी संडासात. (तिचाही इलाज नव्हता.) आत मी सापडलो नाही म्हणून मग मागं आली. सटवामामांनी शेळीचं दावं माझ्या काखेतून घातलं आणि दोघांनी मिळून मला वर ओढलं. चप्पल आतच राहिली. हातात माकडटोपी मात्र घट्ट होती. मामा नाकाला धोतराचा सोगा लावून एवढंच म्हणाले, "ऊब हाय का रं आत?"

कुसुमनं मला अंगणातच, कुडाच्या आडोशाला, गार पाण्यानं आंघोळ घातली. गरम मागायची माझी हिंमत झाली नाही.

इथवर मी ही गोष्ट कुठंही सांगितली की लोक पोट धरून हसतात. पुढचं मी सहसा सांगत नाही.

त्याच दिवशी मी सगळा ढीग उपसला. पाइप मोकळा केला, फरशी सिमेंटनं पक्की बसवली, आत फिनेल ओतलं. संडास पहिल्यासारखा झाला, ना आवाज ना वास. पण दुसऱ्या दिवशी उजाडायच्या सुमाराला पाहतो तर माय हातात डबा घेऊन दाराबाहेर निघालेली.

"माय, आता काई न्हाई व्हणार. मी समदं नीट केलं."

"असंल."

"मंग काहून चाललीस?"

"बापू," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तू हितं माह्यासमोर उभा असलास ना, तरी मला वाटतं तू आत हायस."

 मी काठी घेऊन सोबत निघालो तर तिनं हात केला, मागं फिर. बाईमाणसाच्या वाटेवर लेकानं कसं यायचं? मी ओट्यावर उभा राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिलो. एक पाय टाकायची, थांबायची, गुडघ्यावर हात ठेवायची, मग दुसरा. त्यात कडाक्याची थंडी. एका सकाळी ती लवकर परतली नाही म्हणून मी धावत गेलो. ती अर्ध्या वाटेत एका शेताच्या धुऱ्यावर, बांधावर, बसलेली होती. उठता येत नव्हतं आणि हाक मारायची लाज वाटत होती. मी तिला पाठीवर घेऊन घरी आणलं. तिचं वजन किती कमी झालंय, हे मला तेव्हा कळलं. वाटेत ती एकदाही मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्या आठवड्यात माझी धाकटी बहीण छबू हिंगोलीहून आली. तिचा नवरा व्यंकटराव तिकडं मोंढ्यात आडतीवर मुनीम. छबूनं मायचे सुजलेले पाय पाहिले, माझ्याकडं पाहिलं आणि मायची पिशवी भरली. लेकीच्या घरी चहासुद्धा अवघडून पिणारी माझी माय गुमान एसटीत बसली. आणि तेव्हापासून दर थंडीत तिकडंच राहायला लागली. पुढं पुढं तर उन्हाळ्यातही.

पहिल्या खेपेला मी ज्वारीचं पीठ आणि तिची घोंगडी घेऊन हिंगोलीला गेलो. माय उन्हात खाट टाकून बसली होती, चेहरा चांगला टवटवीत. छबूच्या घरचा संडास मी आधी बघून घेतला. आमच्यासारखाच, तेच भांडं, तसाच पाइप, वर तर पत्र्याचं गळकं छप्पर.

"माय, इथं जातीस तू?"

"जाते की. रोज जाते."

"भेव वाटत न्हाई?"

"भेव कशाचं?" ती जावयाकडं बघत म्हणाली. व्यंकटराव ओसरीवर पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. मायनं पदर सारखा केला आणि मोठ्या कौतुकानं आवाज खाली आणून म्हणाली, "आपले जावई लई चांगले हायत बापू. त्यायला काई सुचत न्हाई."

परतीच्या एसटीत मी ठरवलं की आता आपणही काही सुचू द्यायचं नाही. खिडकीला डोकं टेकून, डोळे मिटून मी अगदी नेटानं बसलो. अर्ध्या वाटेवरच्या कळमनुरीपर्यंत जमलं.