लाल दोऱ्याचा कागद

"हात लावू नकोस. पाय लाव."

रावसाहेब असं बोलले. मी हौदात उभा होतो, गुडघाभर पाण्यात, आणि माझ्या हातात पुस्तक होतं. त्यांच्याच घरच्या रद्दीच्या पोत्यातून निघालेलं. इंग्रजी. पुठ्ठा सुटलेला, पण पानं सगळी जागेवर. मुंबईच्या युनिव्हर्सिटीनं मॅट्रिकच्या परीक्षेला नेमलेलं पुस्तक. ज्याच्यासाठी मी अख्खं जुन्नर पालथं घातलं होतं, ते.

मी म्हणालो, "रावसाहेब, एवढं एक मला द्या. तुमच्या थोरल्या दादासाहेबांची परीक्षा झाली. आता हे लगद्यातच जायचंय."

ते हौदाच्या काठाशी आले. शिंतोडा उडू नये म्हणून धोतराचा सोगा वर धरला. ओरडले नाहीत. हसलेही नाहीत.

"सरस्वती आहे ती. म्हाराच्या हातात देऊ? टाक खाली. तुडव. मी उभा आहे."

आणि मी तुडवलं. ते उभे होते तोवर तुडवलं. आधी शिवण सुटली, मग पानं सुटी झाली, मग पायाखाली नुसतं मऊ मऊ लागायला लागलं. रावसाहेब गेले. ज्याच्या हौदात मी कामाला होतो तो म्हातारा कागदी, त्याला सगळे चाचा म्हणत, तो पाठ करून भिंतीवरचे ओले कागद नीट करत बसला होता. ते कागद आधीच नीट होते.

आता हे नीट ऐका, म्हणजे मला राग कशाचा आला ते कळेल. जुन्नरात तेव्हा हातानं कागद करायचे. कागदी मोहल्ल्यात जुनी दप्तरं, रद्दी, चिंध्या यायच्या, हौदात भिजायच्या, आणि त्या तुडवायला माणूस लागायचा. आम्हा महारांना त्या कामावर घ्यायला कागद्यांची ना नव्हती. रावसाहेब पेन्शनीतले मामलेदार. त्यांच्या घरची रद्दी तोलून यायची आणि तिचाच नवा कागद तोलून त्यांच्या घरी परत जायचा. "घरची अक्षरं घरात," असं ते कौतुकानं सांगायचे. लगदा माझ्या पायाखाली दिवसभर. तेव्हा कुणाला विटाळ नाही. तो भिंतीवर वाळला की सोवळा. त्याच कागदावर त्यांच्याकडच्या सत्यनारायणाचं आमंत्रण जायचं, त्याच्यावरच मुंजीचा मुहूर्त लिहायचा. ओला असेतो माझा, वाळला की त्यांचा. असला धर्म. अन् मी सरस्वती बाटवणार म्हणे.

माझा बाप पलटणीत होता. पेन्शन घेऊन आला तो अक्षरं घेऊन आला. प्लेगात गेला, पण तोवर मला लिहाय-वाचायला शिकवून गेला. पुढं मी शाळेच्या पायरीवर बसून शिकलो. आतला फळा अर्धा दिसायचा. हेडमास्तर मनानं वाईट नव्हते. एकदा बाहेर येऊन म्हणाले, "तू मॅट्रिकला बसू शकशील. पण नेमलेलं पुस्तक पाहिजे, त्याच्यावरच प्रश्न येतात." ते पुस्तक पुण्याला दुकानात मिळायचं. किंमत सांगत नाही. तेवढा पैसा आमच्या घरात एकदम कधी आला नव्हता. जुन्नरात ते ज्यांच्या घरी होतं, त्यांच्या दारात मी जाऊन आलो. एक म्हणाले, वाचनात आहे. एक म्हणाले, पाहुण्यांनी नेलंय. एकांनी तर पुस्तक मांडीवर ठेवलेलं होतं आणि मला सांगितलं, आमच्याकडे नाही. मी जमिनीकडे बघून "बरं" म्हणालो.

पुढल्या वर्षी रावसाहेबांचा धाकटा पास झाला. पुन्हा पोतं आलं. या खेपेला रावसाहेब आले नव्हते, त्यांचा कारकून पोतं तोलून टाकून गेला. मी पोतं उपडं केलं. पुस्तक वरच पडलं.

मी हौदात उतरलो नाही. काठावरच बसलो, पुस्तक घेऊन.

"चाचा," मी म्हणालो, "याला मी पाय लावणार नाय."

चाचानं पोत्याकडं बघितलं. मग म्हणाला, "बेटा, पोतं तोलून आलंय. कागद तोलून जाणार. कमी भरला तर माझी मान जाईल. तुझी नाय, माझी."

खरंच होतं त्याचं. गिरणीचा कागद आल्यापासून मोहल्ल्यातले अर्धे हौद कोरडे पडले होते. कचेरीत थोडाफार हातकागद जायचा, तो रावसाहेबांच्या शब्दावर. त्याच्या भीतीला मी नावं ठेवली नाहीत. पण उठलोही नाही. शेवटी तोच म्हणाला, "चिंधी आण. पुस्तकाच्या वजनाची चिंधी टाक पोत्यात, बास."

घरी गेलो. आईला सांगितलं. गोधडी शिवायला तिनं एक जुनं लुगडं घडी करून ठेवलं होतं. ते काढलं आणि माझ्या अंगावर टाकलं.

"घे. थंडीचं बघू काय तरी."

चाचाच्या तराजूत एका पारड्यात पुस्तक ठेवलं, दुसऱ्यात लुगडं. लुगडं थोडं जडच भरलं. चाचानं वरचं राहू दिलं, म्हणाला, रावसाहेबांना तेवढाच फायदा. चिंध्या करून चुन्यात मुरवल्या, कुटल्या, त्यांच्या रद्दीत मिसळल्या. मीच तुडवल्या. आईचं लुगडं तुडवताना मला काही वाटलं नाही. उलट लई जोर आला पायात.

एक चूक झाली. लुगड्याचा लाल काठ कापायचा राहिला. कागद्याच्या घरातलं पोरसुद्धा चिंधीचा रंगीत काठ आधी कापतं, कारण तो रंग चुन्यानं जात नाही. घाईत माझ्याही ध्यानात आलं नाही, चाचाच्याही नाही.

पुस्तक महारवाड्यात आलं. मी लपवलं नाही. दारात बसून मोठ्यानं वाचायचो. ही गोष्ट बाजारच्या दिवशी कुठवर पोचली कोण जाणे, पण महिन्याभरात एक माणूस दारात उभा. माझ्याच वयाचा, भीमाशंकरच्या डोंगरातला महादेव कोळी. घोडेगावला चार बुकं शिकून पुढं अडकलेला. म्हणाला, "भाऊ, आमच्याकडं पुस्तक म्हंजी सायबाच्या घोड्यावरचं सामान. जाताना दिसतं, थांबत नाय. वाचाया बसू का?"

तो बसला, अंगणात. आईनं पाणी पुढं केलं. त्यानं घेतलं नाही. आमच्या घरचं पाणी त्याला चालत नव्हतं. पुस्तक मात्र हातातून घेतलं. मग तो दर बाजारी यायला लागला. आळे गावचे आमचे दोन पाहुणे यायला लागले. अंगणात माणसं वाढली.

आणि एक दिवस रावसाहेबांच्या घरी नवा कागद पोचला. त्यांची सवय होती, ताव उजेडाकडे धरून बघायची. धरला. तावात लाल दोरा. दुसरा धरला, त्यातही लाल दोरा. अख्खी चळत तशी.

चाचाला बोलावणं गेलं. चाचानं सगळं सांगितलं. माझं नाव सांगितलं, आईचं लुगडं सांगितलं. म्हातारा माणूस, लटपटला असेल. मी त्याला दोष देत नाही. खोटं कशाला बोलू, देतोही.

रावसाहेबांनी तो सगळा कागद अंगणातून बाहेर फेकायला लावला. महारणीचं लुगडं घरात आलं म्हणून घर शिंपून घेतलं. आणि कारकून आमच्या वस्तीवर आला. सावकाश बसला आमच्या चावडीपुढच्या दगडावर. चंची काढली, तंबाखू मळायला लागला.

"रविवारच्या बाजाराच्या आत पुस्तक आणून द्यायचं. नाही दिलं तर बाजारात महारवाड्याला कुणी मीठ घालणार नाही, काम सांगणार नाही. आणि हे बघ, दिवस उन्हाचे आहेत. तुमची कुडाची घरं, गवताची छपरं. आपोआपसुद्धा पेटतात."

तंबाखू तोंडात टाकली, हात झटकले आणि गेला. त्याचा आवाज एकदाही चढला नव्हता. त्याचंच भ्या वाटलं.

सगळी वस्ती जमली. आमचा म्हातारा तराळ, गावकीची कामं करण्यात केस पांढरे झालेला, माझ्यापुढं हात जोडून म्हणाला, "एका पुस्तकापायी वस्ती घालवतोस व्हय रं? तुला इंग्रजी येईल. आमाला काय, राख?"

म्हाताऱ्याचं चूक नव्हतं. हट्ट माझा, भोग सगळ्यांना. मी पुस्तक आणायला उठलोसुद्धा.

तेव्हा आई बोलली. बायकांमध्ये मागं बसली होती.

"द्या की. पर त्यास्नी म्हणावं, आदी तुमच्या कागदातनं माजं लुगडं काडून द्या. सगळं. काठासकट. मंग पुस्तक न्या."

एक बाई हसली आणि लगेच तोंडावर पदर धरला. तराळ मान खाली घालून बसला. मी तसाच उभा. लुगडं कागदातून निघत नाही. मग माझ्या हातातलं पुस्तक त्यांचं कसं? वजनाला वजन दिलंय. उभ्या जन्मात पहिल्यांदा मला वाटलं की मी कुणाचं काही घेतलेलं नाही.

पण तराळाची राख डोळ्यांपुढून जाईना. पुस्तक एका घरात आहे तोवर त्या घराला आग लावता येते. मग मी कोयतीच्या टोकानं पुस्तकाची शिवण कापली. परीक्षा तोंडावर आली होती. हे वर्ष माझ्या हातून चाललंय हे मला दिसत होतं. तरी कापली. सुटी पानं वाटली. काही वस्तीत ठेवली, काही आळ्याला गेली. मोठा गठ्ठा कोळ्यानं छातीशी बांधला आणि डोंगराची वाट धरली. अट एकच. उतरून घ्यायचं, पुढं द्यायचं, कुणी मागितलं तर नाही म्हणायचं नाही.

उतरून घ्यायला कागद? तोही आला. रावसाहेबांनी बाटला म्हणून फेकलेला. चाचानं उचलून ठेवला होता, तो स्वतः घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता आईपुढं ठेवला. "लुगडं तुझं, कागद तुझा," म्हणाला. पुढं मी जिथं जिथं त्या पुस्तकाची नक्कल पाहिली, तिच्यात कुठं तरी लाल दोरा होता.

रविवारी मी रावसाहेबांच्या दारात गेलो. आमच्या लोकांनी तिथं वाकून "जोहार मायबाप" म्हणायचं असतं. मी म्हणालो नाही. सरळ उभा राहिलो.

"पुस्तक?"

"नाय."

"कुठं आहे?"

"वाटलं."

"कुणाला?"

"मागितलं त्याला."

ते ओसरीच्या काठापर्यंत आले. हळूच म्हणाले, "तू पास व्हायचा नाहीस. मी बघतो."

मी म्हणालो, "नाय होणार कदाचित. पण माझ्या मागून येणाऱ्याला तुमच्या दारात यावं लागणार नाय."

परत येताना कुणी मागून येतंय का, वळून बघावंसं वाटत होतं. वळलो नाही.

पुढचं कारकुनानं सांगितलं तसंच झालं. बाजारानं तोंड फिरवलं. मीठ आळ्याहून डोक्यावर आणावं लागलं. चाचाला कचेरीचं काम बंद झालं, त्याचा हौद कोरडा पडला. आणि एका दुपारी छप्पर पेटलं. माझं नाही. तराळाचं. पुस्तक परत दे म्हणून ज्यानं हात जोडले होते, त्याचं. आम्ही घागरी घेऊन धावलो. काही वाचलं नाही. म्हातारा बाभळीखाली बसून बघत होता. मी जवळ गेलो. पाया पडायचं होतं मला. त्यानं माझं मनगट धरलं, घट्ट.

"जळायचं ते जळलं," म्हणाला. "आता तू मागं सरलास ना, तर तुला मी सोडणार न्हाई."

त्या वर्षी मी परीक्षेला बसलो आणि नापास झालो. पुढं युनिव्हर्सिटीनं पुस्तक बदललं. आमच्या नकला त्या परीक्षेला निरुपयोगी झाल्या. नवीन पुस्तक पुन्हा त्यांच्याच माडीवर, पुन्हा तीच किंमत, पुन्हा दारात तीच उत्तरं. मला वाटायचं, एकदा लढलं की झालं. तसं नसतं.

म्हणून सांगतो, कुणाला राग येवो. पुस्तक सगळ्यांचं असतं हे मी त्यांना पटवत बसणार नाही. पटवायचे दिवस गेले. ते पुस्तक बदलतील, आम्ही नवं मिळवू. तोलून मिळो, मागून मिळो, नाहीतर हिसकून. आलं की त्याच दिवशी शिवण कापायची आणि वाटायचं. आमची छपरं अजून गवताचीच आहेत. त्यांना काय करायचं ते त्यांनी करावं. मी वाटत जाणार.