मुसकं सुटलेला बैल

जगात हिरड्यांवर जीव जडलेला माणूस एकच असावा, आणि तो नेमका आमच्या नशिबी साडू म्हणून यावा! अकोल्यात जठारपेठेत त्यांचा दवाखाना. दातांचे डॉक्टर असून दात काढायचा त्यांना मनस्वी तिटकारा. पंगतीत शेजारी बसले, की आपला लाडू तोंडापर्यंत पोचायच्या आत विचारायचे, "ब्रश करताना रक्त येते काय?" शिकत असताना त्यांनी हिरडीतल्या एका एन्झाइमवर प्रबंध लिहिला होता, आणि पुढे जन्मभर ते एन्झाइम घरच्या माणसासारखं मिरवलं.

त्याचं नाव कोलॅजिनेज. हे नाव पेशंटांना पचेना, म्हणून साडूभाऊंनी त्याचा बैल केला. "हिरडीत एक बैल असते. जुनं झालेलं काढून नव्याले जागा करते. शरीर त्याले मुसकं बांधून ठेवते. पण दातावर किटण साचलं, हिरडी सुजली, की मुसकं सुटते अन् तो उभं पीक खाते!" उभ्या पिकातून डवरणी करताना बैलाच्या तोंडाला दोरीचं मुसकं का बांधतात, हे वऱ्हाडात कुणाला शिकवावं लागत नाही.

एकदा मी तिथे असताना अंजनगाव सुर्जीहून एक काका आले. सगळे दात हलत होते. कपाशीने वर्षामागून वर्ष दगा दिल्याचे ते दिवस. माणसं कशालाच जपेनाशी झाली होती. "सारे उपटून टाका, डॉक्टर. कटकट मिटते," काका म्हणाले. तेवढ्यात फोन वाजला. तो ठेवून साडूभाऊ त्यांच्या तोंडात डोकावले आणि हळहळले, "काका, तुमच्या बैलाचं मुसकं सुटलं!" निरोप घरूनच आला असं समजून काका दवाखान्यात गळ्याला बांधलेल्या रुमालासकट थेट एसटी स्टँडवर! घरी बैल गोठ्यात निवांत रवंथ करत होता.

आठवड्याने ते तणतणत परतले. "काहून खोटं बोलले मले?" साडूभाऊंनी हसत हसत त्यांना खुर्चीत बसवलं, हिरडीतला बैल समजावला, किटण खरवडलं, गोळ्या दिल्या. "उपटणं सोपं हाये, काका. जरा दम धरा."

काकांनी दम धरला. हिवाळ्यात आले ते खिशातले फुटाणे कडाकडा चावतच. मग पिशवीतून दोरीचं मुसकं काढलं. "बैल इकला, डॉक्टर. हे राहू द्या. तुमच्या बैलाले लागन."

साडूभाऊंनी ते मुसकं भिंतीवर पदवीशेजारी टांगलं.

आता साडूभाऊ नाहीत. दवाखान्यात त्यांची मुलगी बसते. परवा माझी हिरडी सुजली. पोरीने तोंडात पाहिलं आणि भिंतीवरच्या मुसक्याकडे बोट केलं. मला हसू आलं, आणि मग आ वासलेला असतानाच डोळे भरून आले.